धातूचं काही

पेणच्या एमआरआय सेंटरमध्ये अनिताने बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र, सगळं उतरवून नवऱ्याच्या, मितेशच्या हातात दिलं. तरी टेक्निशियनच्या चौकश्या काही संपेनात. "आतलं चुंबक लोखंड खेचून घेतं, ताई. अंगात धातूचं काही बसवलंय? हाडात पट्टी, मूल नको म्हणून तांबी?"

"तांबी?" अनिताला हसूच आलं. निशू तिसरीत गेली, तिच्या पाठीवर दुसरं व्हावं म्हणून ती केव्हाची झुरत होती. हमरापूरच्या त्यांच्या कारखान्यातून दर हंगामात शेवटची गणेशमूर्ती निघाली, की मूर्तीच्या कानाशी लागून ती एवढं एकच मागायची. मूर्ती उचलून धरलेला मितेश तेवढा वेळ मान खाली घालून उभा राहायचा.

"नाय, तसलं काय नाय," ती म्हणाली. टेक्निशियनने दार उघडलं. तसा मितेशने तिचा दंड धरला.

"थांबा. तिला तांबी हाय."

अनिता त्याच्याकडे वळली.

"निशूच्या वेळंला तू गुंगीत होतीस. डॉक्टरांनी इचारलं, मी व्हय म्हटलं," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मग सांगायचं राहूनच गेलं."

"घाबरू नका," टेक्निशियन सहज म्हणाला. "तांबीला चुंबक ओढत नाही. चला आत."

मितेशने सुटल्यासारखा श्वास सोडला. अनिताने त्याचा हात दंडावरून काढला.

"बघा," ती म्हणाली, "आजपण नसतात बोललात तरी चाललं असतं."