बरणीतलं पोट

शाल्मलीच्या घरात पहिला घास देवाच्याही आधी बरणीला मिळायचा. ओट्यावरच्या त्या काचेच्या बरणीत शाल्मलीच्याच पेशींपासून वाढवलेलं मुठीएवढं पोट होतं. तिला शेंगदाण्याची भयंकर अ‍ॅलर्जी होती. घासात दाण्याचा कण जरी असला, तरी ते पोट भडाभडा ओकायचं आणि शाल्मली वाचायची.

चतुर्थीच्या उपासाला मावशीनं साबुदाण्याची खिचडी केली.

"कूट नाही हं, खोबरं घातलंय. खा बिनधास्त!"

"आधी आमचे राजेसाहेब!" म्हणत शाल्मलीनं बरणीत चमचाभर खिचडी सोडली. पोट अगदी शांत राहिलं. मग तिनं वाटीभर खिचडी चापली.

दहाव्या मिनिटाला ती स्वयंपाकघरातल्या मोरीवर वाकली होती. उलटी थांबेना, ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. आईनं तिच्या मांडीत इंजेक्शन टोचलं, तिला तिथंच कुशीवर झोपवलं आणि अँब्युलन्स बोलावली.

"खोबरं वाटलं त्याच मिक्सरच्या भांड्यात सकाळी दाणे वाटले होते गं मी," मावशी रडत म्हणाली. "पण ते ओकलं कसं नाही?"

श्वास जरा मोकळा झाला, तशी शाल्मलीनं मान वळवून वर पाहिलं. बरणीतलं पोट लालबुंद सुजलं होतं. उबळीमागून उबळ येत होती, पण त्यानं आपलं तोंड घट्ट आवळून धरलं होतं.

"आई," ती पुटपुटली, "ओकलं की आपण त्याला दिवसभर उपाशी ठेवतो ना? त्याला ते कळायला लागलंय."