बुलेटचा शेवटचा बोल्ट

नट बोल्टवर सरसर फिरत थेट डोक्यापर्यंत गेला आणि रंगरावांनी तो उलटा फिरवून काढला, पुन्हा एकदा बसवून पाहिला.

घरी जोडायला घेतलेल्या त्यांच्या एकोणसत्तर सालच्या बुलेटचे आटेच वेगळे. बाजारातला नवा बोल्ट दोन फेऱ्यांत अडायचा. म्हणून दोन वर्षं दर रविवारी ते हा नट खिशात घालून गावोगावचे भंगारवाले पालथे घालत होते. एकेक करत सगळे बोल्ट जमले. इंजिन धरून ठेवणारा तेवढा राहिला होता. आता तोही मिळाला. मग पुढच्या रविवारी काय करायचं?

"बसला का, साहेब?" भंगारवाल्यानं विचारलं.

"बसला," ते पुटपुटले.

घरी आल्यावर मात्र चपला काढता काढता बायकोला म्हणाले, "नाही मिळाला." शालननं पाण्याचा तांब्या पुढे केला. निवृत्त झाल्यावर खिडकीपासून दारापर्यंत चाललेल्या त्यांच्या येरझाऱ्या तिनं पाहिल्या होत्या. आताही आठवडाभर ते गाडीपाशी जायचे, उगाच फडकं मारायचे आणि माघारी यायचे.

शनिवारी त्यांना आपली पँट दोरीवर वाळत घातलेली दिसली. त्यांनी ओले खिसे चाचपले. बोल्ट नव्हता.

शालन फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. "हा घ्या. पाण्यानं गंजला असता, म्हणून तेल लावून ठेवलाय."

रंगरावांना मान वर करवेना.

"उद्या भाकरी बांधून देते," ती म्हणाली. "मिरजेला जाऊन या. तिथं अजून शोधला नाही तुम्ही."