मधलं नाव

“शमुवेल योसेफ.” सुनिताने मांडीवरच्या बाळाकडे पाहत पुन्हा एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं. “कसं वाटतंय?”

“चांगलं वाटतंय,” हेमंत म्हणाला. तो दारात बसून ओहोळापलीकडच्या घराकडे बघत होता.

पहिल्या नावावर दोघांचा वाद कधीच नव्हता. लग्नानंतर सुनिताची दोन बाळं पोटातच गेली होती. तेव्हाच तिनं ठरवलं होतं, मुलगा झाला तर शमुवेल. देवाकडे मागून घेतलेला. मधलं नाव बापाचं, आणि घोळ तिथेच होता. बापाला दोन नावं होती. गावात, पोशेऱ्यात, तो हेमंत होता, मोखाडा-जव्हार जीप चालवायचा तिथेही हेमंतच. दोन वर्षांपूर्वी त्यानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा पास्टरांनी त्याला योसेफ नाव दिलं. सुनिता जामसरची, लहानपणापासून प्रार्थनेला जाणाऱ्या घरातली. तिचं म्हणणं सरळ होतं. पहिलं नाव शास्त्रातलं, मग मधलंही शास्त्रातलंच हवं.

“उद्या पास्टर सगळ्यांसमोर विचारतील. अडखळू नको,” ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “आणि तुझ्या बाला सांगून ये. तो आला नाही तर तुझं कशातच लक्ष लागायचं नाही.”

ओहोळापलीकडे हेमंतचा बाप लहान्या एकटा राहत होता. पूर्वी तो तिथूनच हाक मारायचा. “हेमंताऽऽ!” बैल सुटला की हाक. नागलीची भाकरी झाली की हाक. काही काम नसलं तरी हाक. बाप्तिस्म्यानंतर ती बंद झाली. आता काही लागलं तर म्हातारा ओहोळात उतरायचा, अलीकडचा चढ चढून यायचा आणि हेमंतची नजर जाईपर्यंत अंगणात नुसता उभा राहायचा. काम सांगायचा आणि परत जायचा. एकदा तो मोखाड्याच्या स्टँडवर पोचला तेव्हा जीप सुटली होती. हात वर करून तो मागे धावला, पण तोंडातून शब्द काढला नाही. मागच्या बाकावरच्या बाईने ओरडून सांगितलं तेव्हा हेमंतने ब्रेक दाबला.

आपण देव बदलला म्हणून बाने आपलं नाव टाकलं, असं हेमंत समजून चालला होता. जीप रिकामी असली की घाटात तो कधीकधी ती हाक स्वतःच मारून बघायचा. बापासारखी त्याला ती लांबवता येत नसे.

तो गेला तेव्हा लहान्या खळ्यावर भात झोडत होता.

“उद्या बाळाचं नाव ठेवायचंय, बा. येशील?”

“येईन की.”

हेमंत गोंधळला. नकार ऐकायची त्याची तयारी होती, होकाराची नव्हती.

“काय ठेवताय?” लहान्यानं विचारलं.

“शमुवेल.”

“शामेल,” म्हाताऱ्याने म्हणून पाहिलं आणि हसला. “बरं हाय. आन पुढं?”

“योसेफ.”

लहान्याने हातातली पेंढी खाली ठेवली. अंगावरचा भुसा झटकला.

“हेमंत नाव तुझ्या आयशीनं, गोदानं ठेवलं,” तो म्हणाला. “तू पोटात होतास. मोखाड्याच्या बाजारात कोन मास्तरीण पोराला हाक मारत होती, हेमंत, हेमंत. गोदाला लय आवडलं. आमच्यात तवा लहान्या, बारक्या, मंगळू असलीच नावं. बाजारापासून घरापर्यंत घोकत आली. विसरायला होईल म्हनून वाटंत माझ्याशी बोलली पन नाय.”

हेमंतला आई आठवत नव्हती. तो रांगत होता तेव्हाच ती तापाने गेली होती. घरात तिचा फोटोही नव्हता. बाजाराची ही गोष्ट त्याला कुणी कधी सांगितली नव्हती.

“तुझं पोर हाय. तू ठेवशील तेच खरं,” म्हातारा म्हणाला आणि त्याने पेंढी उचलली.

घरी येऊन हेमंतने सुनिताला सगळं सांगितलं. ती बाळाला पाजत होती.

दुसऱ्या दिवशी अंगणातल्या मांडवात माणसं जमली. लहान्या धुतलेला सदरा घालून सगळ्यांच्या मागे बसला. पास्टरांनी बाळ हातात घेतलं आणि विचारलं, “मुलाचं नाव?”

हेमंतने तोंड उघडायच्या आत सुनिता म्हणाली, “शमुवेल हेमंत.”

पास्टर थबकले. “योसेफ ठरलं होतं ना?”

“ठरलं होतं. पण याची आई याला हेमंत म्हणायची.”

पास्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग हेमंतकडे. हेमंतने मान खाली घातली होती. पास्टरांनी बाळाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तेच नाव घेऊन प्रार्थना केली.

जेवणं झाली. माणसं पांगली. लहान्या नातवाला मांडीवर घेऊन मांडवाच्या खांबाला टेकला होता. हेमंत त्याच्या शेजारी जाऊन बसला. इतके दिवस अडकलेलं आज विचारलं नाही तर पुन्हा कधी विचारता येणार नाही, असं त्याला वाटलं.

“बा, देव बदलला म्हणून एवढा राग धरलास? दोन वर्षं मला हाक नाही मारलीस.”

म्हाताऱ्याने नातवावरची नजर उचलली.

“कसला राग? नवं नाव घेतलंस तवा तूच सांगून गेलास, आता मला हेमंत म्हनू नको. दुसरं नाव माझ्या जिभेवर बसंना. म्हनून चालत येत होतो.”