कुमुदमावशीचा इलाज

"कुणाचा विश्वास बसणार नाही, शालू, पण मी एका बाईला नुसता सिनेमा दाखवून बरं केलंय," मी म्हणालो. भाची भिंतीकडे तोंड करून पडली होती. कित्येक दिवसांत ती कुणाशी बोलली नव्हती. उशाशी ठेवलेल्या ताटात भात वाळून गेला होता. तिची आई, म्हणजे माझी बहीण, दाराआड डोळे पुसत उभी होती.

"तुझी कुमुदमावशी गं. तीही अशीच पडून असायची. मी तेव्हा जत्रेतल्या तंबू टॉकीजचं मशीन चालवायचो. तिला उचललं आणि थेट मशीनशेजारी बसवलं. सिनेमातली नायिकासुद्धा अंथरुणात, केस विस्कटलेले. नायकानं येऊन खिडकी उघडली, गाणं म्हटलं आणि बाई टुणकन उठून नाचायला लागली! मी तेच गाणं पहाटेपर्यंत लावलं. शपथ सांगतो, शेवटी त्या खिडकीतला वारा पडद्याबाहेर आला, अख्खा तंबू फुगला!"

पाठ हलली नाही. मी आणखी रंगात आलो.

"घरी येऊन कुमुदनं वेणी घातली, गावजेवणाच्या पुरणपोळ्या एकटीनं लाटल्या. अशी बरी झाली, की सदा हसतमुख!"

"खोटं."

आवाज घोगरा होता, पण शालूचाच होता. ती कष्टानं माझ्याकडे वळली.

"मावशी बरी झाली नव्हती, मामा. तू निश्चिंत होऊन तुझ्या तंबूकडे परत जावंस म्हणून ती हसायची. त्याच उन्हाळ्यात तिनं जीव दिला. मला तसं हसायचं नाहीये."