सेमाडोहचा उतार

चिखलदऱ्याच्या माथ्यावर ऊन अजून पोचले नव्हते. ते पलीकडच्या कड्यावर थबकले होते. आधी कड्याची धार उजळली, मग तिच्याखालचा काळ्या पाषाणाचा एक थर, मग त्याखालचा दुसरा. कधी काळी लाव्हा थरावर थर थिजत गेला होता. आता त्याच पायऱ्यांवरून ऊन खाली येत होते, कुठेही वेळेवर पोचायचे नसलेल्या माणसासारखे. दरीत सागाच्या शेंड्यांवर धुके साचले होते. धुक्याला लागताच उन्हाचा पिवळेपणा विरला आणि दुधाळ झाला. शुभम सायकलच्या हँडलवर हात ठेवून पाहत राहिला. रोजचेच ऊन होते. अकोल्यात, जठारपेठेतल्या त्याच्या गच्चीवरही या घटकेला तेच पडले असेल. तरी त्याची नजर हटत नव्हती.

"झालं का पाहून?" दानियाल म्हणाला. "चढावर मले मागं टाकलं बे तू. अन् आता उताराच्या तोंडावर सूर्य पाहून राहिला?"

परतवाड्याहून अंधारात निघून चिखलदरा चढायचा, सेमाडोहला उतरायचे आणि घटांगच्या घाटातून पुन्हा परतवाडा गाठायचा, अशी ती क्लबची फेरी होती. जंगलात फोन लागत नाही, म्हणून अकोल्याच्या या सायकल क्लबचा दंडक होता : जोडीने निघायचे, जोडीनेच पोचायचे. एक मागे राहिला की दोघेही बाद. सेमाडोहचा हजेरीचा थांबा सकाळी नऊला बंद होणार होता.

पहिल्या वळणावर शुभमने सायकल थांबवली. दुसऱ्या वळणावरही थांबवली. तिसऱ्या वळणाच्या अलीकडे तो सायकलवरून उतरलाच. दानियाल पुढे गेला होता. तो सायकल ढकलत चढ चढून परत आला.

"आता काय झालं?"

"ब्रेक लागत नाही."

दानियालने मागचे चाक उचलले, फिरवले, ब्रेक दाबला. चाक जागीच थांबले. "काल संध्याकाळी तर नवी केबल टाकली मी."

"टाकली असशील. ढिली पडली."

दानियालच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. क्लबातल्या निम्म्या सायकलींचे ब्रेक तोच हौसेने बसवून देई. पाना काढून त्याने केबल आणखी ताणली आणि तो बाजूला झाला. शुभम चार पायडल मारून पुन्हा थांबला. त्याचा राग आता रस्त्यावर होता, त्यावरच्या बारीक खडीवर होता, वळणाच्या कडेला रांगेने उभ्या असलेल्या पिवळ्या-काळ्या दगडांवर होता. अकोल्यात चढ म्हणजे रेल्वेवरचा उड्डाणपूल, आणि तो नसला तर बाळापूरच्या रस्त्यावर समोरून येणारा वारा. हिवाळाभर दोघांनी त्यांवरच घाम गाळला होता. उताराची आठवणही कुणाला झाली नव्हती. "उताराले कायची प्रॅक्टिस? बुड टेकवलं की गाडी खाली," असे शुभमच म्हणाला होता आणि सगळा क्लब हसला होता.

मागून क्लबातल्याच हर्षाताई आणि साधनाताईंची जोडी आली. वेग न मोडता हर्षाताईंनी विचारले, "काय झालं भाऊ? पंक्चर काय?"

"ब्रेक!" शुभम म्हणाला. आणि कुणी काही विचारले नसताना पुढे म्हणाला, "दानियालनं बसवला होता."

हर्षाताईंची सायकल कचकन थांबली.

"अगं माय! माह्याही त्यानंच बसवला."

"अन् माह्याही," साधनाताई म्हणाल्या.

"ताई, तुमचे ब्रेक बरोबर आहेत," दानियाल म्हणाला. "मी सांगतो ना."

"तू सांगशीलच रे बाबा. पण घरी दोन लेकरं आहेत माह्या," हर्षाताई म्हणाल्या. त्या दोघी उतरल्या आणि हँडल धरून पायी चालू लागल्या. इतका वेळ पाखरासारख्या आलेल्या बाया वळणाच्या कडेकडेने, जपून पावले टाकत खाली निघाल्या. असे चालून नऊच्या आत सेमाडोह त्यांना गाठता येणार नव्हते.

दानियाल त्यांच्या पाठीकडे पाहत राहिला. मग त्याने आपली सायकल शुभमच्या हातात दिली.

"ही घे. हिचा तर लागते ना? तुही सायकल दे इकडे."

"पडशील."

"पडू दे. माह्याच हातचं आहे ना ते."

तो शुभमच्या सायकलवर बसला आणि ती उतारावर सोडून दिली. वळणावर तो अंग झुकवून वळला, झाडीआड गेला, खालच्या वळणावर पुन्हा दिसला. तिथे तो जागच्या जागी थांबला. दरीतून त्याचा आवाज वर आला, "लागते बे! एका बोटानं लागते!"

वर शुभम एकटाच उरला. दानियालची सायकल त्याच्या मांडीखाली होती, तिचे ब्रेक चांगले होते, रस्ता मोकळा होता. एक पाय जमिनीवर होता आणि सायकल तसूभरही हलली नव्हती. तरी त्याच्या दोन्ही मुठींनी ब्रेक इतके घट्ट आवळले होते की बोटांची पेरे पांढरी पडली होती. त्याने बोटे सोडवायचा प्रयत्न केला. ती सुटली नाहीत.

खाली त्या दोघी आणि दानियाल एकाच वळणावर आले होते. दानियाल त्यांना काही सांगत होता. हर्षाताई मान हलवून नको म्हणत होत्या.

"हर्षाताई!" शुभम ओरडला. तिघांनीही वर पाहिले.

"बसा सायकलवर. ब्रेक चांगले आहेत. मले उताराचं भेव लागते."