कॅसेटची दुसरी बाजू

"टेप देते मी. पण दोन वर्षं व्हतास कुठं, ते आधी सांग," मालनबाई म्हणाल्या, आणि भुजंगच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

काय सांगणार? मेलेल्या मित्राच्या आईसमोर बसायचं म्हणजे काळीज घट्ट करून बसावं लागतं.

"औरंगाबादला कामाला लागलो, मावशी. तुमच्यासमोर यायची हिंमत झाली न्हाई."

खोटं नव्हतं ते.

मालनबाईंचा काकासाहेब म्हणजे 'धग' बँडचा गळा आणि गिटार, दोन्ही. भुजंग ड्रमवर. जालना जिल्ह्यात रॉक वाजवायचं म्हणजे लोक वेड्यात काढणारच की! त्यांच्या टेंभुर्णी गावची म्हातारी माणसं त्याला धांगडधिंगा म्हणायची, आणि कार्यक्रमाला तीच सगळ्यात पुढं येऊन बसायची.

कॅसेटच्या एका बाजूला स्टुडिओतली गाणी आणि दुसऱ्या बाजूला आपल्या गावासमोर वाजवलेली, हे काकासाहेबचं स्वप्न. स्टुडिओची बाजू औरंगाबादला झालीही. मग शाळेच्या मैदानावर कार्यक्रम ठेवला, काकासाहेबचा टेपरेकॉर्डर स्टेजवरच चालू करून ठेवला. मधेच लाईट गेली. आली, तेव्हा एक गाणं असं झालं की मैदान उठून नाचलं. पुढच्या गाण्याला काकासाहेबचे ओठ माइकला लागले, बोटं गिटारच्या तारांवर होती. करंट बसला. पोरगं जागच्या जागी गेलं हो.

टेप आईकडं आली. तिनं ती कुणाला दिली नाही. आता मुंबईची एक कंपनी कॅसेट काढायला तयार होती, पण दोन्ही बाजू असतील तरच. ती टेप हातात पडल्याशिवाय भुजंगच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

"काकाचं नाव राहील, मावशी. न्हाईतर त्याचा आवाज असाच पेटीत पडून राहायचा."

"पेटीत कशाला? कापूस वेचून आले की रोज लावते मी. नाचाचं गाणं संपलं की बंद. पुढचं ऐकवत न्हाई बाबा."

"रोज?"

"रोज. तुझा बी आवाज हाय त्यात."

"असणारच. मी मागून गायचो ना त्याच्यासंगं." भुजंगनं तांब्या खाली ठेवला.

"पर सुरुवातीच्या गाण्यांत घुंई घुंई वाजून राह्यलं बघ. कानात माशी शिरल्यावानी. नाचाचं तेवढं निर्मळ हाय."

"तेवढंच घेणार, एक असलं तरी चालतंय. स्टुडिओसारखं साफ पाहिजे कंपनीला."

मालनबाई आत गेल्या. काकासाहेबच्या रुमालात गुंडाळलेली टेप घेऊन आल्या, रुमालावरून एकदा हात फिरवला आणि दिली. भुजंगनं ती पिशवीत घातली, पिशवी मांडीखाली घेतली. मग कुठं तो घोटभर पाणी प्यायला.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

"कुणाच्या जीपमधी आलास?"

"रामकिसनच्या."

बाईंचा चेहरा झाकोळला. त्या कार्यक्रमाचं वायरिंग रामकिसनचं. काकासाहेब गेल्यावर पाहिलं, तर करंट जमिनीत सोडणारी अर्थिंगची तार सुटलेली! झालं, गाव त्याच्यावर तुटून पडलं. लग्नाच्या मांडवालाही त्याला कुणी बोलवेना. बिचारा जाफराबाद रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवू लागला. भुजंगनं मात्र त्याला कधी एका शब्दानं दुखवलं नव्हतं. मोठ्या मनाचा माणूस, असं सगळे म्हणायचे.

टेप मिळाली होती. भुजंगचा जीव हलका झाला होता, आणि त्याला खरंच वाटलं की आज कुणाचं तरी भलं करावं.

"मावशी, त्याला आत बोलवा. झालं गेलं. पोटुशी बायको हाय घरी, गाव त्याला उभं करत न्हाई. तुम्ही चहा पाजला तर गाव बी इसरल."

मालनबाईंनी दाराबाहेरच्या जीपकडं पाहिलं.

"सगळ्यांनी सांगितलं त्याच्यामुळं गेला. दोन वर्षं तोंड बघितलं न्हाई मी त्याचं," त्या म्हणाल्या. "पर तू काकाचा जिवाचा दोस्त. तूच म्हणतोस तर बोलीव."

रामकिसन चपला काढून उंबऱ्यापाशीच बसला. मालनबाईंनी चहाची कपबशी त्याच्यापुढं ठेवली. "काकू, लेकराची आण घेतो. मी माझं काम बराबर केल्तं."

"असू दे रं. चहा घे." बाईंनी डोळे पुसले आणि भुजंगकडं वळल्या. "लाईट गेल्यावरचं काय करणार तू?"

"कशाचं?"

"टेपमधलं. मशीन सेलवर व्हतं, ते चालूच राह्यलं. समदं उतरलंय त्यात."

"ते कापायचं, मावशी. अंधारातला गलका नुसता. गाणं थोडंच हाय त्यात?"

"नको कापू, बाबा. गाणं नसंल, पर माझा लेक बोललाय त्यात."

"काय बोललाय?" रामकिसननं मान वर केली.

भुजंग पिशवी घेऊन उठला. "चल रामकिसन, जल्दी कर. औरंगाबादची गाडी चुकंल माझी."

"थांब की, चहा तर पिऊ दे त्याला," मालनबाई म्हणाल्या. दोन वर्षांनी कुणाशी तरी लेकाविषयी बोलायला मिळालं म्हणून त्या रामकिसनच्या जवळ सरकून बसल्या. "आलास ते बरं झालं. तुला लायटीतलं कळतं, मला अडाणीला कोण सांगणार? अंधारात काका म्हणतो, 'भुजंगा, घुंई त्या अर्थिंगनं येऊन राह्यली, काढू का?' अन् हा म्हणतो, 'काढ काढ, टेप साफ येईल.' रोज ऐकते मी. अर्थिंग म्हंजी काय असतं रं, रामकिसन?"