पिंकीचं वजन

शेवटच्या दिवशीही आईनं वस्तीतल्या तिच्या अंगणवाडीतल्या मुलांची वजनं लिहून माझ्या हातात दिली. “पिंकी लय वाळली. ऑफिसातल्या कॉम्प्युटरात नीट भरजो माय, जास्तीचा आहार भेटन तिले.”

दुसऱ्या सकाळी आई गेली. आठवड्यात पिंकीही.

विहारात आईच्या पुण्यानुमोदनाला माझ्या ऑफिसचे साहेब आले. माइकवर म्हणाले, “ठमाबाईंच्या वस्तीत एकही मूल कुपोषित नव्हतं.”

पिंकीची आई ललिता उसळली, “मंग माही पोरगी कायनं मेली? ठमाबाईनं खोटं काऊन लिवलं?”

“गेलेल्या माणसाबद्दल आता काय बोलावं?” साहेब हळहळले.

मी माइक घेतला. “आईनं खरंच लिहिलं होतं. कॉम्प्युटरवर खोटं मी भरलं, साहेबांच्या सांगण्यावरून, तीन वर्षं. साहेब, उठू नका. ललिताबाई, दार लावून घ्या.”